एकामागून एक फिट्स येतात तेव्हा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझ्या धाकट्या भावाला अकराव्या वर्षापासून मिरगी आहे. पहिली काही वर्षं त्याला एक फिट यायची, तो झोपायचा आणि उठून चहा मागायचा. मग एका उन्हाळ्यात एकाच दुपारी चार आल्या. पहिलीनंतर आम्ही नेहमीसारखे आपापल्या कामाला लागलो होतो. त्या दिवसापासून मी वही ठेवते, आणि लातूर, बीड, हिंगोलीकडच्या घरांतून फोनवर येणारे प्रश्नही त्याच वहीत उतरवते. पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत.

मी डॉक्टर नाही. औषध किती द्यायचं ते वय आणि वजन बघून डॉक्टरांनीच ठरवायचं असतं, म्हणून ते इथे मुद्दाम दिलेलं नाही. मात्र एक गोष्ट प्रत्येकाला सांगते : पहिली फिट थांबल्यापासून दुसरी येईपर्यंतचा वेळ सगळ्यात मोलाचा. त्या वेळात काय करायचं ते घरात आधी ठरलेलं पाहिजे.

१. रांग लागली असं कधी म्हणायचं? दिवसात दोन आल्या तरी घाबरायचं का?

२४ तासांत दोन-तीन किंवा जास्त फिट्स आल्या आणि मधल्या वेळात माणूस शुद्धीवर येत असेल, तर डॉक्टर त्याला क्लस्टर म्हणतात. आमच्या घरात ‘रांग’ म्हणतात, इथेही तोच शब्द वापरते. आकडा सगळे डॉक्टर सारखाच धरत नाहीत, कारण खरं माप त्या माणसाच्या नेहमीच्या फिट्सचं असतं. महिन्याला एक फिट येणाऱ्याला एका दिवसात दोन आल्या तर ती रांग. ज्या लेकराला रोजच चार-पाच छोटे झटके येतात, त्याला पाच आले तर तो त्याचा रोजचाच दिवस. म्हणून तारीख आणि वेळ लिहिलेली हवी. आठवणीवर विसंबलात तर घरातले तिघे तीन आकडे सांगतात.

२. रांग आणि न थांबणारी फिट यात फरक काय?

रांगेत प्रत्येक फिट थांबते आणि माणूस मध्ये भानावर येतो. एकच मोठी फिट पाच मिनिटांपेक्षा जास्त चालली, किंवा दुसरी सुरू होईपर्यंत माणूस शुद्धीवरच आला नाही, तर ती तातडीची अवस्था. डॉक्टर तिला स्टेटस म्हणतात. अंग न झटकता नुसतं हरवल्यासारखं बघणं, ओठ चावणं, कपडे चाळवणं अशी फिट असेल तर दहा मिनिटांची मर्यादा धरतात.

पाचच मिनिटं का? बहुतेक मोठ्या फिट्स एक ते तीन मिनिटांत आपोआप थांबतात, कारण मेंदूच स्वतःला आवर घालतो. पाच मिनिटं उलटली म्हणजे तो आवर बसत नाही. शिवाय फिट थांबवणारी औषधं मेंदूतल्या पेशींवरच्या ज्या जागांवर काम करतात, त्या जागा फिट लांबत गेली की पेशीच्या आत ओढल्या जातात. म्हणून पाचव्या मिनिटाला जे औषध चालतं तेच अर्ध्या तासाने कमी पडतं. ‘थोडी वाट बघू’ म्हणण्यात नुकसान होतं ते इथे.

३. पहिली फिट आली की लगेच काय करायचं? शेजारचे कांदा आणि चप्पल घेऊन धावतात.

आधी घड्याळ बघा. मग माणसाला सपाट जागी कुशीवर वळवा, म्हणजे लाळ बाहेर येईल. डोक्याखाली टॉवेल किंवा घडी घातलेली ओढणी ठेवा, गळ्याशी घट्ट असेल ते सैल करा, चूल, विळा, दगड बाजूला सारा. हातपाय दाबून धरू नका. दातांत चमचा घालू नका, त्याने दात तुटतात आणि तुकडा श्वासनलिकेत जाऊ शकतो. पूर्ण भानावर येईपर्यंत पाणीसुद्धा नाही.

कांदा, चप्पल, हातात किल्ल्या यांनी फिट थांबत नाही. ती एक-दोन मिनिटांत थांबणारच असते, तेवढ्यात चप्पल हुंगवून होते आणि श्रेय चपलेला जातं. धावून येणाऱ्या माणसाला मदतच करायची असते, म्हणून त्याला काम द्या : “काका, तुम्ही वेळ बघा. मामी, तुम्ही लेकरांना बाहेर न्या.” मी हे अनेकदा केलंय, लोक ऐकतात.

फिट थांबली की वहीत वेळ लिहा आणि पुढचे काही तास त्या माणसाला एकटं सोडू नका. रांग लागण्याची सवय असेल, तर डॉक्टरांनी लिहून दिलेलं तातडीचं औषध (प्रश्न ४ आणि ५) कधी द्यायचं हे कागदावर बघा. काहींना ते पहिल्याच फिटनंतर सांगितलेलं असतं, काहींना दुसरीनंतर.

४. नाकात मारायचा फवारा दिलाय. तो नेमका कसा वापरायचा?

तो बहुतेक मिडाझोलामचा असतो. फिट चालू असतानाही देता येतो, कारण गिळावं लागत नाही, नाकाच्या आतल्या अस्तरातून तो रक्तात जातो. नवी बाटली असेल तर धार बारीक येईपर्यंत आधी हवेत दाबून घ्या. मग सांगितलेले फवारे दोन्ही नाकपुड्यांत वाटून, मोजत मारा. वेळ लिहा.

यातली एक चूक मला फार भीतीदायक वाटते. या बाटल्या वेगवेगळ्या ताकदीच्या मिळतात. एका फवाऱ्यात ०.५ मिलिग्रॅम असलेली आणि १.२५ मिलिग्रॅम असलेली, दोन्ही बाजारात आहेत. मेडिकलवाल्याने दुसऱ्या ताकदीची बाटली दिली आणि तुम्ही फवारे तेवढेच मारले, तर औषध अडीचपट होईल किंवा निम्म्याहूनही कमी पडेल. म्हणून चिठ्ठीवर फवारे किती आणि मिलिग्रॅम किती, दोन्ही लिहून घ्या आणि नवी बाटली घेताना लेबल ताडून बघा.

आपल्याकडे मे महिन्यात पारा ४२-४३ अंशांवर जातो. पत्र्याच्या घरातल्या फळीवर किंवा मोटारसायकलच्या डिकीत बाटली ठेवू नका. माठाजवळचा सावलीतला कोनाडा बरा. लेबलवरचं तापमान आणि मुदत वाचा.

५. क्लोबाझामची गोळी आणि फवारा, दोन्ही आहेत. कधी काय?

गोळी दोन फिट्सच्या मध्ये, माणूस पूर्ण जागा असून नीट गिळू शकत असेल तेव्हाच. तिला काम करायला वेळ लागतो, म्हणून चालू फिट थांबवायला ती उपयोगाची नाही, पुढची रोखायला आहे. काही डॉक्टर तापात, पाळीच्या दिवसांत किंवा प्रवासात दोन-तीन दिवसांपुरती ती देतात. काहींना ती रोजच चालू असते. अशा घरांनी मनाने जादा गोळी देऊ नये, कारण त्यांची योजना वेगळी असते.

६. या औषधाने श्वास बंद पडतो असं ऐकलंय. म्हणून आम्ही हात आखडता घेतो.

झोप येते, बोलणं अडखळतं, श्वास थोडा मंद होऊ शकतो. सांगितलेल्या मात्रेत धोका कमी असतो. लांबत चाललेल्या फिटने श्वासाला होणारा धोका त्याहून मोठा. भीती खरी कुठे आहे तर स्वतःच्या मनाने पुन्हा पुन्हा फवारे मारण्यात, आणि माणूस दारू प्यायलेला असण्यात किंवा झोपेच्या गोळ्या घेत असण्यात. दुसरा डोस योजनेत लिहिला असेल तरच. औषध दिल्यावर शेजारी बसा, छाती वर-खाली होते का बघा, ओठ निळे पडत असतील तर लगेच १०८.

७. दवाखान्यात कधी न्यायचं? आमची वस्ती तालुक्यापासून तीस किलोमीटर आहे.

फिट पाच मिनिटांच्या पुढे गेली, तातडीचं औषध देऊनही फिट आली, मध्ये शुद्ध आली नाही, श्वास नीट नाही, डोक्याला मार लागला, फिट पाण्यात आली, गरोदर बाई आहे, मधुमेह आहे, किंवा आयुष्यातली पहिलीच फिट आहे : यातलं काहीही असेल तर १०८. ही रुग्णवाहिका फुकट आहे आणि राज्यात २०१४ पासून चालू आहे.

अंतर जास्त असेल तर तुमची रेषा अलीकडे आणा. शहरातला माणूस तिसरी फिट येईपर्यंत थांबू शकेल, तुम्ही दुसरीलाच निघा. कुठे जायचं तेही आधी ठरवा. गावच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात फिट थांबवण्याचं इंजेक्शन आणि ऑक्सिजन आहे का, हे शांत दिवशी जाऊन विचारून या. पुढचं मोठं ठिकाण म्हणजे संभाजीनगरची घाटी, अंबाजोगाई, लातूर किंवा नांदेडचं सरकारी वैद्यकीय महाविद्यालय, यांपैकी जे जवळ असेल ते.

पोचल्यावर पहिलं वाक्य असं बोला : “आजची ही तिसरी आहे, पहिली दहा वाजता, दुसरी साडेअकराला, औषध पावणेबाराला दिलं.” आम्ही एकदा नुसतं ‘फिट आली’ म्हणालो. थांबलीय ना, घरी न्या, असं सांगून आम्हाला परत पाठवलं आणि जीपमध्येच पुढची आली. तेव्हापासून वही आधी पुढे करते.

८. सगळं नीट चाललेलं असताना रांग अचानक का लागते?

शोधलं तर बहुतेक वेळा कारण सापडतं. सगळ्यात जास्त वेळा ते चुकलेली गोळी असतं. औषध संपलं, बाजार रविवारी, मग दोन दिवस राहिलं. किंवा सहा महिने फिट आली नाही म्हणून घरच्यांनीच बंद केलं. असं एकदम बंद करणं सगळ्यात घातक.

दुसरं मोठं कारण झोप. शेतीची थ्री फेज लाइट रात्री बारा ते सकाळी असली की दारं धरायला, म्हणजे पिकाला पाणी द्यायला, जावं लागतं, आणि हे आठवडाभर चालतं. लग्नातलं जागरण, गोंधळ, सप्ताहातलं रात्रीचं कीर्तन, परीक्षेचा अभ्यास, सगळ्याचा हिशेब मेंदू ठेवतो. मी लोकांना कीर्तनाला जाऊ नका म्हणत नाही. अकराला घरी या म्हणते. आणि रात्रीचं पाणी घरातल्या दुसऱ्याने धरावं. विहिरीच्या काठावर, शेततळ्याजवळ मिरगीच्या माणसाला रात्री एकटं पाठवणं तसंही योग्य नाही.

त्यानंतर ताप, जुलाब-उलट्या (गोळी पोटात टिकत नाही), उन्हाचा तडाखा, दारू, विशेषतः रोजची दारू एकदम सोडल्यानंतरचे दोन-तीन दिवस, आणि मेडिकलवर बदललेली कंपनी. नाव तेच असलं तरी वेगळ्या कंपनीच्या गोळीने काहींचं रक्तातलं प्रमाण थोडं हलतं. म्हणून मिळेल तोवर एकाच कंपनीची घ्या.

९. आम्ही ऊसतोडीला जातो. सहा महिने बाहेर. लेकाचं कसं करायचं?

हा प्रश्न मला दिवाळीच्या आसपास दरवर्षी येतो, बहुतेक बीडकडून, आणि त्याचं मला सगळ्यात जास्त वाटतं. पहाटे तीन-चारला उठणं, उघड्यावर थंडी, कोयता, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवरचा प्रवास, आणि ज्या गावात जायचं तिथलं मेडिकल अनोळखी. रांग लागायला लागतं ते सगळं एकाच जागी जमा झालेलं असतं.

निघण्याआधी डॉक्टरांना स्पष्ट सांगा की गुढीपाडव्यापर्यंत परत येणार नाही. जमेल तेवढ्या महिन्यांचं औषध सोबत न्या, उरलेल्यासाठी चिठ्ठीच्या दोन प्रती ठेवा आणि एकीचा फोटो मोबाइलमध्ये काढा. पंधरा दिवसांच्या गोळ्या राहिल्या की पुढच्या आणायच्या, शेवटच्या पाकिटावर येऊन थांबायचं नाही. गोळ्या कोपीत (राहायच्या झोपडीत) टांगलेल्या पिशवीत ठेवा, म्हणजे ओल लागणार नाही. मुकादमाला आणि शेजारच्या कोपीतल्या बाईला आजार सांगा. लपवलात तर फिट आल्यावर कुणाला काय करायचं ते कळणार नाही. मिरगीच्या माणसाने मोळ्या बांधाव्यात, ट्रॉलीवर चढून रचायच्या नाहीत. रांगा वारंवार लागत असतील तर त्या वर्षी त्याला आजी-आजोबांजवळ ठेवणं बरं, हे मी जड मनाने सांगते, कारण एक माणूस कमी झाला की कोयत्याचं (ऊस तोडणाऱ्या जोडीचं) गणित बिघडतं हे मला माहीत आहे.

१०. नवरात्राचे उपवास किंवा रोजे धरले तर चालतात का?

पोट रिकामं राहण्यापेक्षा वेळ चुकलेली गोळी आणि मोडलेली झोप जास्त त्रास देतात. नवरात्रात गोळी पाण्यासोबत वेळेवर घ्या. कोजागरीला तुळजापूरला पायी जाणाऱ्यांनी रात्री चालायचं टाळावं. रोजे धरायचे असतील तर रमजानच्या काही आठवडे आधी डॉक्टरांना भेटा. काही औषधं सेहरी आणि इफ्तारच्या वेळेत बसवता येतात, काही येत नाहीत. गेल्या काही महिन्यांत रांग लागली असेल तर यंदा नको. आजाऱ्याला रोज्यातून सूट आहे, मौलानांना विचारून घ्या.

११. मुलीला पाळीच्या आसपासच फिट्स येतात. हा योगायोग आहे का?

नाही. पाळीआधी एक संप्रेरक एकदम उतरतं आणि काही जणींच्या मेंदूला त्याचा आधार असतो, तो निघून जातो. तीन महिने पाळीच्या आणि फिट्सच्या तारखा एकाच वहीत लिहा आणि डॉक्टरांना दाखवा. त्या ठरावीक दिवसांपुरतं औषध वाढवता येतं. बोलायला लाजू नका. वडील सोबत असतील तर मुलगी बोलत नाही, म्हणून आईने किंवा मावशीने जावं.

१२. सर्दी-ताप, अंगदुखीला कुठली गोळी घेऊ नये?

ट्रामाडॉल हे दुखण्याचं औषध आणि सिप्रोफ्लॉक्सासिनसारखी अँटिबायोटिक्स फिटला वाट देऊ शकतात. झोप आणणारी सर्दीची काही औषधंही. टीबीचं औषध सुरू झालं तर रिफॅम्पिसिनमुळे मिरगीच्या अनेक औषधांचा जोर कमी होतो आणि आयसोनियाझिडमुळे फेनिटॉइनसारख्यांचा वाढतो. टीबीचा कोर्स सोडायचा नाही, पण दोन्ही डॉक्टरांना एकमेकांची चिठ्ठी दाखवायची. तापाला पॅरासिटामॉल चालतं.

१३. सात महिन्यांचं बाळ झोपेतून उठलं की मान झुकवून अंग आवळतं, दहा-वीस वेळा. पोटात कळ येते का?

कळ समजून दिवस घालवू नका. वर्षाच्या आतल्या बाळांत, बहुतेक झोपेतून उठल्यावर, असे छोटे आचके एकापाठोपाठ येतात. ही रांगच आहे, फक्त फिटसारखी दिसत नाही. यात बाळ हसणं, बघणं विसरत जातं. मोबाइलवर व्हिडिओ काढा आणि एक-दोन दिवसांत मेंदूच्या किंवा बालरोगाच्या डॉक्टरांना दाखवा. उपचार लवकर सुरू झाले तर बाळाच्या वाढीवर फरक पडतो.

सहा महिने ते पाच वर्षांच्या लेकराला तापात एखादी फिट येणं वेगळं, ती बहुतेकदा मिरगी नसते. पण एकाच तापात २४ तासांत दोनदा आली तर दवाखाना.

१४. स्कॅनमध्ये मेंदूत जंताची गाठ निघाली. आम्ही तर माळकरी आहोत! जंताचं औषध घरीच दिलं तर?

माळकऱ्यालाही होते. ही गाठ मटणातून नाही, जंताच्या अंड्यांतून होते. उघड्यावरच्या विष्ठेतून ती अंडी पाण्यात, भाजीवर, हातावर येतात. कोथिंबीर, मुळा, गाजर कच्चं खाण्याआधी नीट धुवा.

अल्बेंडाझोल घरी देऊ नका. गाठ मरताना भोवती सूज येते आणि त्या सुजेनेच फिट्सची रांग लागू शकते. दवाखान्यात ते सूज उतरवणाऱ्या औषधासोबत देतात. काही वेळा गाठ आधीच सुकलेली असते, तेव्हा जंताचं औषध लागतच नाही.

१५. फिटनंतर उजवा हात लुळा पडला. लकवा झाला का?

फिट जिथून सुरू झाली तो मेंदूचा भाग थकून काही मिनिटं ते काही तास, कधी दीड दिवसापर्यंत बंद पडतो आणि आपोआप सुटतो. पण पहिल्यांदाच झालं असेल किंवा वय जास्त असेल, तर लकवा नाही हे घरी ठरवायचं नाही. लगेच जा.

१६. सुनेला तासभर झटके येतात, डोळे मिटलेले असतात, सगळे रिपोर्ट चांगले. नाटक करते का?

नाही. मनावरचा ताण शरीरातून असा बाहेर पडतो, ते तिच्या हातात नसतं. मिरगीची औषधं त्याला लागू पडत नाहीत आणि फवाऱ्यावर फवारे मारणं धोक्याचं आहे (प्रश्न ६). तिला समुपदेशन लागतं. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा फोन फुकट आहे आणि मराठीत बोलता येतं. मात्र काहींना दोन्ही प्रकार असतात, म्हणून व्हिडिओ दाखवल्याशिवाय मिरगीची गोळी बंद करू नका.

१७. सातवा महिना आहे आणि दोन फिट्स आल्या. आधीपासून मिरगी आहे, मग घरीच औषध देऊ का?

थेट दवाखाना. पाचव्या महिन्यानंतरची फिट मिरगीची असू शकते किंवा गरोदरपणात वाढलेल्या रक्तदाबाची. दुसरीचे उपचार पूर्ण वेगळे आहेत आणि घरी फरक कळत नाही. बाळाच्या भीतीने रोजची गोळी बंद केली असेल तर तेही तिथे सांगा, कुणी रागावलं तरी. पुढच्या वेळी दिवस राहण्याआधीच डॉक्टरांना भेटा : फॉलिक अ‍ॅसिड आधीपासून लागतं आणि व्हॅल्प्रोएट हे मिरगीचं औषध चालू असेल तर ते बाळाला सगळ्यात जास्त अपायकारक असल्याने बदलण्याचा विचार आधी करावा लागतो.

१८. घरचे देवाला, दर्ग्याला न्यायचं म्हणतात. नाही म्हणू का?

जा. गोळ्यांचं पाकीट, फवारा आणि वही पिशवीत घेऊन जा. तिथे कुणी गोळ्या सोडा म्हणालं, उपाशी ठेवलं, मारलं किंवा बांधलं, तर त्याच पावली परत फिरा.

१९. योजनेच्या कागदावर काय लिहायचं?

डॉक्टरांसमोर बसून, त्यांच्या सहीने लिहून घ्या. आमचा कागद फळीच्या आतल्या बाजूला चिकटवलाय, एक शाळेत होता, आता एक त्याच्या दुकानात आहे. त्यावर एवढंच आहे : नाव, वजन आणि ते कधी घेतलं ती तारीख. रोजची औषधं. त्याची नेहमीची फिट कशी असते आणि किती वेळ चालते. रांग म्हणजे त्याच्यासाठी किती. कितव्या फिटनंतर काय द्यायचं, किती फवारे, किती मिलिग्रॅमची बाटली. दुसरा डोस चालेल का. कधी निघायचं, कुठे जायचं, गाडी कुणाची, त्याचा फोन नंबर.

लेकराचं वजन वाढतं, म्हणून दर सहा महिन्यांनी कागद बदला. आणि एका महिन्यात तातडीचं औषध तीन-चारदा लागलं तर पुढच्या तारखेची वाट न बघता डॉक्टरांकडे जा. रोजच्या औषधातच बदल हवा आहे, याची ती खूण असते.